अडाण्याचा शेरा

आमच्या किनवटला पैसे काढायची स्लिप मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत छापलेली असते, आणि तरीही ती भरून देतो मी. समोरचा आदिलाबादकडचा असला तर तेलुगूत विचारतो, तांड्यावरचा असला तर गोरमाटीत. छापील सूचना त्याच्यासाठी नसतातच. त्या ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे, त्याच्यासाठी असतात. संगणकातल्या प्लगइनांचंही तेच.

प्लगइन म्हणजे घराला मागून काढलेली पडवी. घर एकाचं, पडवी दुसऱ्याची आणि राहायला तिसराच! मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पडवी कुणीही काढावी. पण दार कोणत्या बाजूला आहे हे काढणाऱ्यानं लिहून ठेवलं नाही, तर तिसरा बिचारा अंगणातच बसतो.

हे पहिल्यांदा ज्यांनी मनावर घेतलं त्यांत रिचर्ड स्टॉलमन यांचं नाव घ्यावं लागेल. १९७६ साली अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत त्यांचा 'ईमॅक्स' हा संपादक उभा राहिला. (संपादक म्हणजे वर्तमानपत्राचा नव्हे, मजकूर लिहायचा.) मुळात तो टेको नावाच्या जुन्या संपादकावर चढवलेल्या पडव्यांचा पसाराच. गंमत अशी की, प्रत्येक आज्ञेची माहिती त्या आज्ञेलाच चिकटलेली. कळ दाबायच्या आधी विचारावं, 'बाई, तू काय करतेस?' आणि बाईनं सांगावं. पुढे ग्नू ईमॅक्स आला. त्याच्या लिहिणाऱ्यांना शिकवण अशी, की माहितीची पहिली ओळ एकटी वाचली तरी तिचा अर्थ लागला पाहिजे. आता 'उपरोक्त विषयान्वये संदर्भित परिपत्रकास अनुसरून' ही ओळ घ्या. एकट्यानं सोडा, चौघांनी मिळून वाचली तरी काय लागतं?

मार्च २००० मध्ये ग्नूच्या मंडळींनी माहितीपुस्तकांसाठी वेगळा परवानाच काढला. कारण सरळ होतं. पडवी बदलायला मोकळीक आणि पुस्तक बदलायला बंदी असली, तर पुढच्यानं भिंत पाडली तरी पुस्तकात खिडकी तशीच! १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडियाही आधी याच परवान्यावर चालला.

वर्डप्रेसनं २००४ साली प्लगइनांना दार उघडलं. त्याच्या भांडारात शिरायचं तर 'रीडमी' फाईल हवी, थोडक्यात ओळख १५० अक्षरांत हवी आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं ही नोंदही हवी. लेजरवर तारीख नसली की आमचा हिशेब तपासनीस कसा खवळतो ते आठवून मला हा नियम फार आवडला.

पण हे सगळं लिहिणारे जाणतेच. अडाण्याला मानाचं पान मिळालं ते आपल्या पवईला, आयआयटी मुंबईत. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या दहाएक मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती होतात. पडद्यावर इंग्रजीच राहतं, बोलणं मात्र मराठीसह अनेक भाषांत. एक तर नोकरीत पडदा इंग्रजीच भेटणार आणि दुसरं म्हणजे नुसतं बोलणं बदलायला खर्च कमी. ध्वनिमुद्रणाआधी संहिता एका नवशिक्याच्या हाती देतात. त्यानं वाचून तसं तसं करायचं. तो अडला, की चूक लिहिणाऱ्याची! ग्राहक अडला की चूक ग्राहकाची, या तत्त्वावर हयात घालवलेल्या माणसाला हे वाचून जरा घामच फुटतो.

माझ्या भाच्यानं एका आश्रमशाळेच्या वेबसाईटसाठी इंग्रजी आकडे देवनागरीत करणारं प्लगइन लिहिलं. रीडमीत 'वापर' या मथळ्याखाली त्यानं लिहिलं होतं, 'उघड आहे.'

"कुणाला उघड आहे रे?" मी विचारलं.

"मामा, हे कुणालाही कळतं."

पुढच्या महिन्यात तो नोकरीसाठी पुण्याला जाणार. मग शाळेतल्या गुरुजींनी विचारायचं कुणाला? मी म्हटलं, मी अडाणी म्हणून बसतो, तू लिही. पहिल्या मसुद्यावर माझे सतरा शेरे पडले. त्यातला तिसरा होता, 'बटण कोणतं?' आणि नववा, 'ते बटण दिसतच नाही.' दोन दिवस पोरगा माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं निमूट बटणाचं चित्र घातलं. सध्या अकराव्या शेऱ्यावर आमची घासाघीस चालू आहे, आणि त्याची गाडी शुक्रवारची आहे.