वरच्या बाथरूमचं पाणी खाली गळतंय? टाइल्स फोडण्याआधी गळतीची 'वेळ' बघा

पेणकरपाडा म्हणजे मिरा रोड पूर्वेचा, दहिसर चेकनाक्याजवळचा भाग. जुनी घरं, चाळी आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या सोसायट्या. अशा सोसायटीत एक भांडण हमखास ठरलेलं असतं. 102 च्या बाथरूमच्या छतातून पाणी टपकतं, 102 वाले 202 ची बेल वाजवतात, 202 वाले म्हणतात, "आमची फरशी तर कोरडी आहे." मग कुणीतरी मिस्त्री बोलावतो आणि मिस्त्री पहिल्याच दिवशी सांगतो, "सगळं फोडावं लागेल."

प्रत्येक वेळी सगळं फोडावं लागतं असं नाही. गळती नेमकी कुठून होतेय, हे बरेचदा हातोडा न उचलता कळतं.

आधी बाथरूमखाली काय असतं ते बघू. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. याला 'संकन स्लॅब' म्हणतात. त्या खड्ड्यातून पाईप फिरवतात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव घालतात, मग टाइल्स बसतात. थोडक्यात, तुमच्या पायाखाली एक झाकलेला हौद आहे. गळकं पाणी आधी त्यात साठतं आणि मग स्लॅबला जिथे फट मिळेल तिथून खाली उतरतं. त्यामुळे खालच्या छतावर डाग जिथे दिसतो, त्याच्या बरोबर वर बिघाड असेलच असं नाही.

म्हणून डागाच्या जागेपेक्षा गळतीच्या वेळेकडे लक्ष द्यायचं. खालच्या घरातल्यांनी चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवावं, कधी टपकतं आणि कधी थांबतं.

दिवसरात्र एकसारखं टपकत असेल तर संशय नळाच्या लाईनवर. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाईपमध्ये सतत दाब असतो, नळ बंद असला तरी. वरच्यांच्या आंघोळीनंतर तासाभरात वाढत असेल तर सांडपाण्याचा पाईप, नहाणी ट्रॅपचा जोड किंवा टाइल्समधल्या भेगा. फक्त पावसाळ्यात होत असेल तर बाहेरची भिंत किंवा बाहेरून जाणारे पाईप. एक गोची मात्र आहे. काही सोसायट्या सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेतच पाणी सोडतात. तिथे नळाची लाईन गळत असली तरी ती 'वेळापत्रकानुसार' टपकताना दिसते. अशा वेळी वरचं कुटुंब गणपतीला गावी गेलं की खरा निकाल लागतो. घराला कुलूप आहे, स्टॉप कॉक उघडा आहे आणि तरी गळतंय, तर आंघोळीच्या पाण्याचा त्यात संबंध नाही.

आता चाचण्या. पहिली सोपी आहे. वरच्या बाथरूमचा स्टॉप कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि बादलीने पाणी आणून वापरा. टपकणं कमी झालं तर दोष नळाच्या लाईनचा. प्लंबरकडे हातपंप आणि दाब दाखवणारा काटा असेल तर पाईपची तोंडं बंद करून दाब देता येतो. काटा खाली आला की लाईन गळकी.

दुसरी चाचणी फरशीची. नहाणीचं तोंड घट्ट बंद करून दीड-दोन इंच पाणी उभं करायचं, पण ते उंबऱ्याच्या बरंच खाली राहिलं पाहिजे. भिंतीवर पेन्सिलने खूण करून 24 तास थांबायचं. शेजारी पाण्याची एक बादलीही खूण करून ठेवा. बाष्पीभवनाने बादलीतलं पाणी जेवढं उतरेल, त्यापेक्षा फरशीवरचं जास्त उतरलं तर फरशी पाणी पितेय.

ज्यांच्या घरी टब किंवा जकुझी आहे, त्यांनाही हीच बादली उपयोगी पडते. पंप चालू असताना पाणी जास्त वेगाने उतरत असेल तर दोष पंपाच्या किंवा पाईपच्या जोडात. पंप बंद असतानाही उतरत असेल तर पाणी ज्या पातळीला येऊन थांबतं, त्याच उंचीवर टबाचा काठ, जेट आणि जोड तपासायचे. टबाच्या वजनाचा विचारही आधीच करा. 1,000 लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि घरातला स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. फूट-दीड फूट पाणी हा हिशेब सहज ओलांडतं.

थेंब-थेंब गळतीकडे दुर्लक्ष होतं. पण सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला साधारण चार लिटर होतात. पाण्यापेक्षा मोठं नुकसान स्लॅबचं असतं. आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. छतावर तपकिरी डाग आले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा पोपडे पडू लागले, तर प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. पाणी दिव्याच्या किंवा पंख्याच्या जवळ असेल तर सगळ्यात आधी तिथला एमसीबी बंद.

दुरुस्ती दोषावर ठरते. जुना लोखंडी पाईप सडला असेल तर तेवढा तुकडा बदलून भागत नाही, दुसरीकडे फुटतोच. नवी सीपीव्हीसी लाईन भिंतीवरून उघडी नेणं दिसायला वाईट, पण पुढच्या वेळी फोडाफोड वाचते. टाइल्सच्या सांध्यांतून पाणी जात असेल तर जुना ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून बघता येतं. नहाणीचा जोड किंवा वॉटरप्रूफिंगच गेलं असेल तर मात्र फोडायला पर्याय नाही. तिथे एकच आग्रह धरा: नवा थर भिंतीवर फूटभर वर चढवायचा आणि टाइल्स बसण्याआधी पाणी भरून पुन्हा चाचणी घ्यायची. मिस्त्री घाई करतील, करू द्या.

खालून पांढरं सिमेंट लावणं ही निव्वळ रंगरंगोटी. खालून इंजेक्शनने केमिकल भरल्यावर टपकणं थांबतं, पण वरचं पाणी स्लॅबमध्येच राहतं.

खर्च कुणी करायचा? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या टॉयलेट, सिंकची गळती त्या सदस्याने. वरचे दार उघडत नसतील तर कमिटीकडे लेखी तक्रार द्या. आगाऊ सूचना देऊन घराची पाहणी करण्याचा अधिकार सोसायटीला आहे. गळतीची ती वही आणि तारखेसह काढलेले फोटो इथे कामाला येतात.

आणि काम पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी "अजून गळतंय" म्हणून भांडायला जाऊ नका. भरावात साठलेलं पाणी उतरायला बरेच दिवस लागतात. टपकणं रोज थोडं कमी होतंय का, एवढंच बघा. छत पूर्ण सुकल्याशिवाय रंगही काढू नका.