टेक्नो संगीतातील पुनरावृत्ती

टेक्नो संगीतात तेच ते पुन्हा पुन्हा येते, सबब त्यात रचनाच नाही, असा आक्षेप घेतला जातो. या संगीताचा इतिहास पाहता तो आम्हांस मान्य होण्यासारखा वाटत नाही.

अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात टेक्नो आकारास आले. प्रारंभी त्याने गीताची चौकट सर्वस्वी सोडली नव्हती. केव्हिन साँडरसन यांच्या ‘इनर सिटी’चे ‘बिग फन’ (१९८८) पॅरिस ग्रे यांनी गायिले. तेथे कडवे आहे, धृपद आहे. यंत्राचा आवर्ती ताल ही त्याखालची केवळ भूमी. परंतु त्यापूर्वीच, १९८७ मध्ये, डेरिक मे यांनी ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’मध्ये शब्दांवाचून केवळ स्वरसमूहांच्या येण्याजाण्यातून उत्कर्ष साधला होता.

१९९४ मध्ये रॉबर्ट हूड यांच्या ‘मिनिमल नेशन’ने उरलेला साजही उतरविला. त्याच वर्षी जेफ मिल्स यांनी ‘सायकल ३०’ या तबकडीवर स्वतःतच मिटणाऱ्या खाचा कोरविल्या. सुई कोणी उचलीपर्यंत तेच आवर्तन फिरत राहते.

म्हणजे आरंभ आणि शेवट ठरविण्याचा अधिकार तबकडीकडून ती वाजविणाऱ्याकडे गेला. एक तबकडी दुसरीत मिसळून तो रात्रभराची रचना बांधतो. मानवी कंठ यात बराच मागे पडला, ही हानी आम्ही नाकारीत नाही. मात्र रचना नाहीशी झाली नाही. ती गीतातून निघून रात्रीच्या विस्तारात गेली. तीन मिनिटांच्या मापाने तिचा शोध घेणाऱ्यास ती सापडावी कशी?