लष्करातले खलाशी, मुरारचे तणावे

ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार या तीन वस्त्या मिळून आजचे ग्वाल्हेर शहर झाले. त्यांतल्या लष्कराचे नाव सरळ दिसते. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ तिथे पडला, तो पुढे हलला नाही, आणि तळाचे नाव गावाला चिकटले. फारसी ‘लश्कर’ मात्र तिथे थांबला नाही. ‘लश्करी’ म्हणजे शिपाई. पोर्तुगिजांनी तो शब्द ‘लास्करी’, ‘लास्करीं’ अशा रूपांत उचलला आणि इंग्रजांच्या तोंडी ‘लास्कर’ होईपर्यंत त्या शिपायाचा दर्यावर्दी झाला. टॉमस रोबक यांनी १८११मध्ये जहाजांवरच्या हिंदुस्थानी बोलीचा कोश कोलकात्यात छापला. तोच सुधारून १८८२मध्ये निघाला, तेव्हा त्याचे नाव ‘लस्करी कोश’ असे पडले. नाव ऐकून पलटणी आणि तोफा शोधणाऱ्याला त्यात शिडे, डोलकाठ्या आणि दोर सापडतील.

जमिनीवरचे शब्द असे पाण्यात उतरण्याचे आपले घरचे उदाहरण म्हणजे ‘सरखेल’. फारसी ‘सर’ म्हणजे मुख्य. ‘खेल’ हा अरबी ‘खैल’ असावा, आणि खैल म्हणजे घोडे, घोडेस्वारांची तुकडी. ‘सरखेल’ हे मुळात स्वारांच्या पथकाच्या नायकाचे पद, पण मराठीत ते आरमारप्रमुखाचे झाले आणि कान्होजी आंग्र्यांच्या नावाला कायमचे जडले. त्याच आंग्रे घराण्याची एक शाखा पुढे शिंद्यांच्या दरबारी सरदार म्हणून ग्वाल्हेरला नांदली. घोड्यांचा शब्द समुद्रावर गेला आणि समुद्रावरचे घराणे घोड्यांच्या मुलखात आले.

आता मुरार. १८४३च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांच्या फौजेच्या इंग्रजांशी लढाया झाल्या, आणि त्यानंतर मुरारला इंग्रजी छावणी बसली. १८८६मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे परत आले, त्या बदल्यात झाशी गेली. छावणी म्हटली की तंबू आले, तंबू आले की खलाशी आला. हा शब्द आपण कोकणातल्या जहाजावर ठेवून दिला आहे, पण जुन्या छावण्यांत तंबू उभारणारा माणूसही खलाशीच. मूळ अरबी ‘खलास’, म्हणजे सुटका. मराठीतला ‘खलास’ त्याचाच, आणि ‘खुलासा’ही त्याच धातूचा. म्हणजे या माणसाचे नाव बांधण्यावरून न पडता सोडण्यावरून पडलेले दिसते. यात तथ्य असावे. बांधणे कुणालाही जमते. भरल्या शिडाचा दोर वाऱ्याचा झोत येताच क्षणात मोकळा करणे, किंवा पहाटे कूच ठरल्यावर अख्खा तळ उतरवणे, यात खरे कसब आहे.

तंबूला जमिनीशी जखडणारा दोर म्हणजे तणावा. हा अरबी ‘तुनुब’, फारसी ‘तनाब’. पण ‘तनाब’चा ‘न’ मराठीत ‘ण’ का झाला? इथे संस्कृत ‘तन्’ धातू, त्यातून आलेले ‘ताण’ आणि ‘ताणणे’ मदतीला धावले असावेत. ताणून बांधायचा तो तणावा, असा अर्थ कानाला इतका पटला की परका शब्द घरचा झाला. आज मनावर येतो तो ‘तणाव’ मात्र हिंदी ‘तनाव’च्या, म्हणजे ‘तनना’च्या वळणाने आलेला दिसतो. एका दोरात दोन पदर वळावेत तसे हे दोन उगम आता सहजी वेगळे काढता येत नाहीत.

तनाब हे जमीन मोजायचे दोरही होते. अकबराच्या काळी तागाचा दोर भिजला की आखडतो आणि मापात फरक पडतो, म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली. हे नोंदवणाऱ्या अबुल फजलची कबर ग्वाल्हेरजवळच आंतरीला आहे. भिजून आखडणाऱ्या दोराचे हे दुखणे जहाजावर रोजचे. कोरड्या हवेत घट्ट केलेला दोर पावसात इतका ताणला जातो की ढिला करावाच लागतो.

‘तणावा’सारखीच गंमत ‘नांगर’ या शब्दात आहे. शेतातला नांगर हा संस्कृत ‘लाङ्गल’. जहाजाचा नांगर हा फारसी ‘लंगर’. आद्य ‘ल’चा ‘न’ होणे मराठीच्या अंगवळणी पडलेले, शिवाय दोन्ही अवजारे तळाची माती धरणारी. त्यामुळे दोन शब्द एका रूपात मिसळले. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हिंदीतला ‘लंगर’ मूळ रूपात रोज ऐकू येतो, आणि तोही अन्नाच्या अर्थाने. फारसीत लंगर म्हणजे नांगर आणि फकिरांचा अन्न मिळणारा मठसुद्धा. वाटसरू जिथे स्थिरावतो ती जागा, असा सांधा असावा. किल्ल्यावरच्या दाता बंदी छोड गुरुद्वारात तो लंगर चालतो. गुरू हरगोविंदांच्या अंगरख्याचे बावन्न गोंडे धरून बावन्न राजे कैदेतून सुटले, ही तिथली शीख परंपरा. दोराला धरून बंधनातून सुटणे या कथेला ‘खलास’ हा शब्द किती शोभतो!

मग गाठी. ‘ग्रन्थि’, प्राकृत ‘गंठि’, मराठी ‘गाठ’, ही वाट स्वच्छ आहे. पोथीची पाने दोऱ्याने बांधायची, म्हणून ‘ग्रंथ’ही याच घरचा. पण ‘निरगाठ’ आणि ‘सुरगाठ’ यांचे काय? ओढताच सुटणारी ती सुरगाठ. यातला ‘सुर’ हा ‘सरणे’मधला ‘सर’, म्हणजे संस्कृत ‘सृ’ असावा. ‘निरगाठ’मधला ‘निर्’ अधिक अवघड. ‘निर्मळ’, ‘निर्धन’ यांत तो अभाव दाखवतो, मग सर्वांत पक्की गाठ ‘गाठ नसलेली’ कशी? ‘निर्बंध’ पाहावा. तिथे बंध नाहीसा होत नाही, उलट आवळतो. ‘निर्’चा हा ‘पुरेपूर’ असा अर्थ निरगाठीत असावा. जहाजावरच्या चांगल्या गाठीला या दोघींचे गुण लागतात. भार आहे तोवर ती निरगाठ असावी, भार उतरला की सुरगाठ.

‘गुण’ म्हटले तेही उगीच नाही. गुण म्हणजे आधी दोर किंवा दोराचा पदर, स्वभावधर्म हा अर्थ त्यानंतरचा. सत्त्व-रज-तमांकडे पाहताना हा तिपेडी दोर आठवावा. अमरकोशात ‘गुणवृक्षक’ म्हणजे दोरांचे झाड, अर्थात डोलकाठी. बंगालीत आजही प्रवाहाविरुद्ध नाव ओढायचा दोर ‘गुण’च. आणि काथ्याचा ‘सुंभ’? तो ‘शुल्ब’ असावा, यज्ञवेदी दोरीने आखणाऱ्या शुल्बसूत्रांतला. तसे असेल, तर जळूनही पीळ न सोडणाऱ्या आपल्या म्हणीतल्या सुंभाचे नाते थेट भूमितीशी लागते.

तेव्हा मुरारच्या वाचकांना एक विनंती. लग्नाचा मांडव घालणाऱ्या कारागिरांना त्यांच्या दोरांची आणि गाठींची नावे विचारून लिहून घ्यावीत. हर्णै-मालवणच्या वाचकांनी तेच बंदरावर करावे. दोन याद्या शेजारी ठेवल्या, तर त्यांत बरीच नावे एकच निघतील असा माझा कयास आहे. जी वेगळी निघतील, त्यांच्यावर पुढची चर्चा करता येईल.