एका पाळीत किती कापड?

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी दिवसाचा माल किती निघणार हे सूर्यावर ठरे. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर कित्येक वर्षे गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. यंत्रे तीच, माणसेही तीच. पण जूनचा अंदाज डिसेंबरला लागू पडत नसे.

विजेने ही मर्यादा उठवली. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालल्या. मग तास ठरवू लागला कायदा: कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने बारा, १९२२ च्या दुरुस्तीने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा.

तास ठरले की गणित सोपे वाटते. समजा, साचा, म्हणजे यंत्रमाग, मिनिटाला २०० वेळा धोटा फेकतो आणि कापडात इंचाला ४८ आडवे धागे हवेत. तासाला जवळपास सात वार, दहा तासांत सुमारे ६९ वार. पण हा आकडा कागदावरचा. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबतो, कांडी संपली की थांबतो. हवा कोरडी पडली की तुटण्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच साचा खात्यात मुद्दाम ओलावा राखत आणि साचेवाला त्या दमट उकाड्यात उभा राही. साचा पाऊण वेळच चालला, तर हाती ५२ वार.

गिरणगावातला मोठा झगडा या फरकावरच झाला. मुंबईचा साचेवाला बहुधा दोन साचे सांभाळी. १९२७-२८ मध्ये ससून समूहाच्या गिरण्यांत त्याला तीन साचे आणि सूत कातणाऱ्याला कताई यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू देण्याची योजना आली. हिशेबात दोन साच्यांचे १०४ वार तिनावर १५६ होतात. मात्र लक्ष विभागले आणि साचे पासष्ट टक्केच वेळ चालले, तर निघतात १३५. साचेवाल्याची मजुरी मालावर असे, म्हणून सूत हलके निघाले की त्याचा फटका थेट त्याच्या घराला बसे. खराब कापसाची किंमत विणणाऱ्याने मोजायची, हा अन्यायच होता. १९२८ चा संप एप्रिलअखेर सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. नंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे साचे, बाजू आणि दर यांचा कीस पडला.

आणखी एक आकडा यंत्रशास्त्रात कुठेच नव्हता: आज किती माणसे येणार? शेतीचे दिवस, गणपती, शिमगा आला की कोकणाकडे आणि घाटावर माणसे निघून जात. रिकाम्या साच्यावर दारात उभा असलेला बदली कामगार घेतला जाई, आणि कोणाला घ्यायचे हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी. त्यातून वशिला आणि लाच वाढली. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. नोंदलेल्या बदल्यांना कार्ड मिळू लागले.

पुढे तीन पाळ्या रूढ झाल्या: सामान्यतः सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सात. तिसरी पाळी दीड तासाने लहान. त्यामुळे तिचा अंदाज पहिलीच्या आकड्यावरून उतरवून चालत नसे, तो वेगळा मांडावा लागे.