वत्सनाभाचे बीज : साधनांतील एक मौन

वत्सनाभाचा इतिहास म्हणजे आजवर बहुधा त्याच्या मुळाचाच इतिहास होय. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'त या विषाची ओळख तीन लक्षणांनी सांगितली आहे : पाने निर्गुंडीसारखी, आकार वासराच्या नाभीसारखा आणि जवळपास अन्य वृक्षांची वाढ न होणे. या लक्षणांत बीजाला स्थान नाही.

या मौनाचे कारण व्यापाराच्या घडणीत शोधावे लागते. हिमालयातील उंच कुरणांवर कंद खणणारा, तो खाली आणून विकणारा आणि गोमूत्रात शोधन करणारा वैद्य ही निरनिराळी माणसे होती. महाराष्ट्रातील वैद्याच्या हाती 'बचनाग' येई तो वाळलेला कंद म्हणून. त्याचे निळे, शिरस्त्राणासारखे फूल त्याच्या दृष्टीस पडण्याचा प्रसंग क्वचितच. आपल्याकडे कळलावीलाही बचनाग म्हणतात, हा नामसंकर त्या अंतराशी सुसंगतच आहे.

1820-21 मध्ये नेपाळात वनस्पती गोळा करणाऱ्या वालिचने पुढे या वनस्पतीचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ ऑटो स्टाफ यांचा आहे. 1905 मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या ग्रंथमालेत त्यांनी भारतीय वत्सनाभवर्गाची मांडणी मुळांच्या आयुष्यावरून केली. वत्सनाभाचे कंद जोडीने असतात. जुना कंद फूल-फळ देऊन मरतो, तर शेजारचा नवा कंद पुढील वर्षी वाढतो. म्हणजेच बी पिकण्यापूर्वी दोन्ही कंद खणले, तर त्या झाडाचा वंशच खुंटतो.

बीजापासून लागवड करणे सोपे नाही. बी गळते तेव्हा त्यातील भ्रूण अपुरा वाढलेला असतो. दीर्घकाळ ओलसर थंडी लाभल्यावाचून तो जागा होत नाही. म्हणून बी शरद ऋतूत उघड्या वाफ्यात पेरून बर्फाखाली राहू द्यावे, अथवा ओल्या वाळूत घालून शीतपेटीत ठेवावे. अंकुर वसंतात दिसतो, कधी दुसऱ्या वसंतात. कंद भरण्यास पुढे आणखी काही वर्षे लागतात. रोपाचे सर्वच भाग विषारी असल्याने ते उघड्या हातांनी हाताळू नये.

1979 मध्ये गढवालमधील श्रीनगर येथे उच्चपर्वतीय वनस्पतींच्या अभ्यासासाठी विद्यापीठीय केंद्र स्थापन झाले, आणि अशा वनस्पतींची लागवड हा संशोधनाचा विषय बनला. वत्सनाभाचेच भावंड असलेले अतिविष आज जागतिक लाल सूचीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे.

तात्पर्य, औषधीच्या इतिहासकाराने केवळ निघंटू वाचून थांबू नये. ग्रंथकाराने जे लिहिले ते त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या वस्तूविषयी होते. जी वस्तू डोंगरावरच राहिली, तिचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.