सोळातून चार: पुरुषांच्या सुगंधाचा जुना हिशेब

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलमधला रूममेट सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, तुझ्या शर्टाला वास येतो." आमच्या गावी उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. एक शर्ट दोन दिवस घालायची सवय तिथूनच लागलेली. त्याच संध्याकाळी मी डिओ विकत घेतला आणि पुढची नऊ वर्षं तो अंगावर चिलखतासारखा मारत राहिलो. मग मागच्या मार्चमध्ये ऑफिसात शेजारी बसणारी सहकारी म्हणाली, "रागावू नकोस, पण तुझ्या परफ्यूमने माझं डोकं उठतं. मी जागा बदलून घेतेय."

म्हणजे मला दोनदा एकच गोष्ट ऐकावी लागली होती. एकदा घामामुळे, एकदा बाटलीमुळे.

नवीन काहीतरी घ्यावं म्हणून दुकानात गेलो, तर 'फॉर मेन' लिहिलेलं एक अख्खं कपाट. गुलाबाची बाटली उचलली तसा सोबतचा मित्र हसला, "हे बायकांचं आहे रे!" हे नक्की कोणी ठरवलं, असा प्रश्न पडला आणि मी वाचायला लागलो.

वाचता वाचता वराहमिहिरापाशी पोचलो. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी आणि गणिती. त्याच्या 'बृहत्संहिते'त ग्रह, पाऊस, भूकंप, घरबांधणी या सगळ्यांसोबत 'गंधयुक्ति' नावाचा एक अध्याय आहे. सुरुवातच मजेशीर आहे. केस पांढरे असतील तर माळा, सुगंध, वस्त्रं काहीच शोभत नाही, म्हणून आधी केस काळे करा. त्यासाठी आंबट द्रवात शिजवलेलं धान्य आणि लोखंडाची पूड डोक्याला थापायची. मग त्या लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवायला सुगंधी तेलं लावायची आणि राजाने अंतःपुरात जायचं. वासाची लाज राजालाही होती, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पुढे मात्र तो शुद्ध गणितात शिरतो. सुगंधाची सोळा द्रव्यं घ्या. त्यातली कुठलीही चार निवडायची तर किती प्रकार होतील? तो उत्तर देतो १८२०. मी लॅपटॉपवर एका ओळीत तपासलं, बरोबर १८२०. मग त्या चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार असे भाग वाटायचे. माझ्या हिशेबाने याचे २४ प्रकार होतात, म्हणजे एकूण ४३,६८०. तो मात्र ९६ने गुणतो आणि १,७४,७२०वर जातो. मला वाटतं, एकच मिश्रण चारदा मोजलं गेलंय. तसं असेल तर हा बग दीड हजार वर्षं जुना आहे आणि माझ्या कोडमध्येही तो नेमाने सापडतो.

सगळ्यात भारी आहे ती त्याने दिलेली चार बाय चारची चौकट. प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याचे भाग:

२ ३ ५ ८
५ ८ २ ३
४ १ ७ ६
७ ६ ४ १

आडवी ओळ घ्या, उभी घ्या, तिरपी घ्या, चार कोपरे घ्या, मधली चार घरं घ्या. बेरीज १८च येते. म्हणजे कुठूनही दोन बाय दोनचा चौकोन उचलला तरी मिश्रण १८ भागांचंच होतं. या मिश्रणाला त्याने नाव दिलंय सर्वतोभद्र, सगळ्या बाजूंनी चांगलं. त्या सोळा घरांत अगरू, तमालपत्र, दगडफूल, नागरमोथा, दालचिनी, तगर, जटामांसी, चंदन आहेत. यातली काही आईच्या गोड्या मसाल्यात असतात आणि काही दिवाळीच्या उटण्यात. पहाटे कुडकुडत जे अंगाला चोळून घेतो, त्याची पाळंमुळं अशी लांबवर जातात.

या यादीत पुरुषांचं वेगळं आणि बायकांचं वेगळं असं कपाट कुठे नाही. 'कामसूत्रा'तल्या नागरकाच्या खोलीतही अंगाला लावायचा लेप, सुगंधाची डबी आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून महाळुंगाची साल ठेवलेली असते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने ११३०च्या आसपास 'मानसोल्लास' लिहिला. जुन्या मराठीच्या खुणा सापडतात म्हणून आपल्याला माहीत असलेला तोच हा ग्रंथ. त्यात राजाचं स्नान, लेप, धूप यांची वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि लेप ऋतूप्रमाणे बदलतात. सुगंध कोणासाठी यापेक्षा तो कधी आणि कुठे, याला तिथे जास्त महत्त्व आहे.

'फॉर मेन' हे तसं अलीकडचं. १८८२मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या घराण्यासाठी पॉल पार्केने 'फुजेर रॉयाल' बनवलं. त्यात कुमारिन हे प्रयोगशाळेत तयार झालेलं द्रव्य होतं. लॅव्हेंडर, कुमारिन आणि झाडावरचं शेवाळ या जोडणीवर पुढे दाढीच्या साबणापासून आफ्टरशेव्हपर्यंत अख्खा 'पुरुषी' वास उभा राहिला. अमेरिकेत ओल्ड स्पाइस १९३७मध्ये आलं ते बायकांसाठी, पुरुषांचं निघालं पुढच्या वर्षी. दुकानातलं ते कपाट एवढंच जुनं आहे.

माझे आजोबा शेतकरी. लग्नाला जाताना कानात हिन्याचा फाया ठेवायचे. मांडवाच्या दारात कोणी अत्तरदाणी पुढे केली की हाताची मागची बाजू पुढे करायचे. त्यांना कोणी बायकी म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि त्यांचा वास यायचा तो फक्त मांडीवर बसल्यावर.

हे आठवलं तेव्हा माझी चूक कळली. मी बाटली चुकीची निवडत होतो असं नाही, मी घाबरून मारत होतो. कपड्यांवर, सात-आठ वेळा, बंद एसी ऑफिसात. आता उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. आंघोळ झाल्यावर मनगटावर आणि कानामागे एकेक टिपका. तेलातलं अत्तर अंगाच्या उबेने हळूहळू सुटतं, त्यामुळे ते खोलीभर पसरत नाही. आणि शर्ट रोज धुतलेला. हॉस्टेलमधल्या त्या वाक्याचं खरं उत्तर एवढंच होतं, डिओ नव्हे.

गेल्या आठवड्यात मी त्या सहकारीला मुद्दाम विचारलं, "इथे बसून काही वास येतोय का?"

ती म्हणाली, "नाही. का, आज काही लावलंच नाहीस?"

मी गुलाब लावला होता.