जुन्या घरगुती संगणकांतील मोठ्या हार्ड डिस्क : साठवणमर्यादेचा इतिहास आणि मराठी मजकुराच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :
संगणकाचा इतिहास लिहिताना गणनेचा वेग आणि स्मृतीचा आकार यांची चर्चा विपुल होते. माहिती कोठे व किती साठवली जात होती, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. त्या पिढीतील जी यंत्रे आजही चालू स्थितीत आहेत, त्यांच्या मूळ जातीची साठवणसाधने आता बाजारात नाहीत. कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय थर क्षीण झाला आहे, फ्लॉपीचे उत्पादन थांबले आहे आणि दहा-वीस मेगाबाइटच्या हार्ड डिस्क केव्हाच भंगारात गेल्या आहेत. जे मिळते ते हजारो पटींनी मोठे आहे. त्यामुळे जुने यंत्र चालू ठेवायचे असेल, तर त्याला मोठी हार्ड डिस्क किंवा तिच्या जागी मेमरी कार्ड जोडणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वरवर पाहता हा केवळ छांदिष्टांचा उद्योग वाटतो. तथापि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठी मजकुराचा मोठा भाग अशा संकेतांत आहे की, तो ज्या यंत्रावर व ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला गेला त्याखेरीज अन्यत्र वाचणे दुरापास्त आहे. मोठी डिस्क जुन्या यंत्रात का बसत नाही आणि कोणत्या उपायांनी बसते, याचा इतिहास म्हणूनच जतनाच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

घरगुती संगणक आणि हार्ड डिस्कचा अभाव :
क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक बाजारात आणला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. किंमत एवढी खाली आणणे शक्य झाले, कारण पडद्यासाठी घरातील दूरचित्रवाणी संच आणि साठवणीसाठी घरातीलच कॅसेट रेकॉर्डर वापरला जाई. स्मृती भरेल एवढा कार्यक्रम फितीवरून उतरवून घेण्यास सुमारे पाच मिनिटे लागत. याउलट १९८० मध्ये सीगेट कंपनीने आणलेल्या एसटी-५०६ या पाच मेगाबाइटच्या हार्ड डिस्कची किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती. डिस्क ही संगणकाहून कितीतरी महाग, अशा काळात घरगुती यंत्राच्या रचनेत तिला जागाच ठेवली गेली नाही, यात नवल नाही.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लस हा संगणक परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकला. शाळांच्या बाबतीत १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरुवातीस सुमारे २५० शाळांत राबविला. त्यासाठी निवडलेले यंत्र होते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. पुढे मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र भारतात तयार केले. फेब्रुवारी १९८९ मध्ये लागलेल्या आगीत त्या कंपनीचा कारखाना नष्ट झाला.

या दोन यंत्रांत साठवणीच्या दृष्टीने मोठा फरक होता. बीबीसी मायक्रोला बाहेरील उपकरणे जोडण्यासाठी स्वतंत्र जोडणी दिलेली होती आणि एकॉर्न कंपनी स्वतःच तिच्यासाठी १० व ३० मेगाबाइटच्या हार्ड डिस्क विकत असे. स्पेक्ट्रमच्या मागील बाजूस केवळ मंडल-फलकाची उघडी कड होती. गंमत अशी की, पुढे मोठ्या डिस्क जोडण्याच्या कामी हीच उघडी कड अधिक उपयोगी पडली. प्रक्रियकाच्या जवळपास सर्व तारा तिच्यावर आयत्या उपलब्ध होत्या.

मोजणीची मर्यादा :
मोठी डिस्क जुन्या यंत्रात ‘मावत नाही’ असे म्हटले जाते. ही शब्दयोजना दिशाभूल करणारी आहे. अडचण जागेची नसून मोजणीची असते. गावच्या जमीन नोंदवहीत गट क्रमांकासाठी तीनच अंकांचा रकाना आहे अशी कल्पना करावी. ९९९ गटांपर्यंत सर्व सुरळीत चालेल. हजारावा गट शिवारात प्रत्यक्ष आहे, त्यावर कपाशी उभी आहे, परंतु नोंदवहीच्या लेखी तो नाही. डिस्कवरील प्रत्येक कप्प्यालाही असाच क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकासाठी किती अंक राखायचे हे यंत्राच्या किंवा कार्यप्रणालीच्या रचनाकारांनी आधीच ठरवलेले असते.

बीबीसी मायक्रोच्या डिस्क-प्रणालीत हा क्रमांक २१ द्विमान अंकांचा होता आणि प्रत्येक कप्पा २५६ बाइटचा. गुणाकार केल्यास ५३,६८,७०,९१२ बाइट, म्हणजे ५१२ मेगाबाइट ही कमाल मर्यादा निघते. ३० मेगाबाइटची डिस्क हीच चैन असलेल्या काळात ही मर्यादा अवाढव्य वाटली असेल. आज याच प्रणालीला मेमरी कार्ड जोडताना त्या कार्डाचे ५१२ मेगाबाइटचे अनेक तुकडे पाडावे लागतात व प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र डिस्क आहे असे यंत्राला भासवावे लागते. शिवाय एका निर्देशिकेत ४७ पेक्षा अधिक फाइली राहू शकत नाहीत. जागा मोकळी असूनही यादी भरते. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्याला याचा प्रत्यय फार लवकर येतो.

आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाच्या परंपरेत तर या मर्यादा पायऱ्यापायऱ्यांनी येतात. १९८३ च्या पीसी-एक्सटी या प्रतिमानात १० मेगाबाइटची डिस्क होती. डॉस कार्यप्रणाली एका विभागात ६५,५३६ कप्पेच मोजू शकत असल्याने ५१२ बाइटच्या हिशेबाने ३२ मेगाबाइट ही हद्द ठरली. ती १९८७-८८ च्या आवृत्त्यांत ओलांडली गेली. त्यानंतरची मर्यादा अधिक बोधप्रद आहे. संगणकाच्या मूलभूत प्रणालीत, म्हणजे बायोसमध्ये, १,०२४ वर्तुळमार्ग, २५६ शीर्षे व ६३ कप्पे यांची सोय होती; डिस्कच्या जोडणीत ६५,५३६ वर्तुळमार्ग, १६ शीर्षे व २५५ कप्पे यांची. दोन्ही रचना आपापल्या परीने पुरेशा उदार होत्या. परंतु एकत्र आल्यावर प्रत्येक बाबतीत लहान आकडाच चालणार, म्हणून १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ कप्पे, म्हणजेच ५१२ बाइटच्या हिशेबाने ५२,८४,८२,३०४ बाइट एवढीच क्षमता उरली. कोणा एकाची चूक नसताना निर्माण झालेली ही मर्यादा १९९४ च्या सुमारास ठळकपणे पुढे आली. त्यापुढील ८.४ अब्ज, १३७ अब्ज आणि २.२ लक्ष कोटी बाइट या पायऱ्यांची कारणे याच जातीची असल्याने त्यांचा विस्तार येथे अनावश्यक आहे.

५२८ दशलक्ष बाइटच्या अडसरावर तेव्हा निघालेला एक उपाय मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवलाच पाहिजे. नवी डिस्क विकणाऱ्या कंपन्या तिच्यासोबत एक छोटा कार्यक्रम देत. तो डिस्कच्या आरंभीच्या भागात बसे, कार्यप्रणालीच्या आधी स्मृतीत शिरे आणि जुन्या यंत्राला मोठे क्रमांक मोजण्यास शिकवी. यंत्र चालू राहिले, काम झाले. पण अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर मधला दुभाषा गैरहजर असल्याने तिच्यावरील विभाग चुकीचे किंवा रिकामे दिसू शकतात. डिस्क कोरी वा खराब समजून ती पुन्हा फॉरमॅट करण्याचा धोका येथेच संभवतो, आणि तसे झाल्यास वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर हातचा जातो.

आठ तारांची जोडणी :
स्पेक्ट्रमसाठी आधुनिक डिस्क जोडण्या युरोपातील छांदिष्टांनी तयार केल्या. त्यांपैकी चेक प्रजासत्ताकातील ‘डिव्हआयडीई’ ही २००२ च्या सुमाराची जोडणी विशेष प्रसिद्ध आहे. येथे मोजणीबरोबर दुसरा प्रश्न होता तो रुंदीचा. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रक्रियक एका वेळी आठ अंक हाताळतो, तर आयडीई डिस्क एका वेळी सोळा अंक देते. सर्वांत सोपी जोडणी म्हणजे सोळांपैकी आठच तारा जोडणे. तसे केल्यास डिस्कची निम्मी क्षमता वाया जाते व तीवरील मजकूर अन्य संगणकाला सरळ वाचता येत नाही. क्षमतेचा अपव्यय येथे क्षम्य आहे. ४८ किलोबाइटचा एक कार्यक्रम धरला तर आठ गिगाबाइटच्या कार्डावर दीड लाखांहून अधिक कार्यक्रम बसतील. निम्मे गेले तरी आयुष्यभर पुरेल. दुसरी गैरसोय गंभीर आहे, कारण जतनाच्या कामात मजकूर आजच्या संगणकावर नेता येणे हीच मुख्य गरज असते. म्हणून पुढील जोडण्यांत सोळा अंक दोन हप्त्यांत वाचण्याची सोय आली आणि आजच्या संगणकांना परिचित असलेल्या फाइल-पद्धतीच स्पेक्ट्रमला शिकविण्यात आल्या.

१९९४ मध्ये सॅनडिस्क कंपनीने आणलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड या साऱ्या खटाटोपात अनपेक्षितपणे उपयोगी ठरले. छायाचित्रणासाठी लोकप्रिय झालेले हे कार्ड आयडीई डिस्कचीच भाषा बोलते. केवळ तारा जुळविणारा स्वस्त फलक मध्ये घातला की जुन्या यंत्राच्या दृष्टीने ती हार्ड डिस्कच असते.

खान्देशातील परिस्थिती :
धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव मुंबई–आग्रा मार्गावर आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले असून तेथे औद्योगिक वसाहतही आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सुरतेहून सुटे भाग येण्यास अशा गावी दळणवळणाचा अडसर नाही. अडसर आहे तो हवामानाचा आणि विजेचा. जळगाव व धुळे परिसरात मे महिन्यात पारा ४३ अंशांपलीकडे जातो. बंद पेटीतील तापमान त्याहून बरेच अधिक असते, आणि फिरत्या हार्ड डिस्कसाठी भोवतालच्या हवेची सहनमर्यादा साधारणपणे ५० ते ५५ अंश सांगितली जाते. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यातून आत शिरते.

विजेचा प्रश्न याहून बिकट होता. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये संगणक बंद करण्यापूर्वी वाचक-शीर्षे सुरक्षित जागी नेण्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागे. वीज अचानक गेली की ती मजकुरावरच टेकत. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने जे दीर्घ भारनियमन सोसले, त्या काळात जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना याची झळ पोचणे अपरिहार्य होते. कार्डाला फिरणारा भाग नाही, त्यामुळे शीर्ष टेकण्याचा प्रश्न नाही व बारा व्होल्टची मोटारही नाही. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्टचा एक लहान वीजपुरवठा असतो. पूर्ण आकाराची डिस्क तो चालवूच शकत नाही. तेव्हा खान्देशासारख्या प्रदेशात ‘मोठी हार्ड डिस्क’ याचा व्यवहारातील अर्थ मेमरी कार्ड असाच घ्यावा लागतो.

मराठी मजकूर :
१९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आयआयटी कानपूर येथील आधीच्या संशोधनाच्या आधारे ‘जिस्ट’ कार्ड विकसित केले. संगणकाच्या आतील खाचेत हे कार्ड बसविले की डॉसवरील इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीत लिहिता येई. त्यासाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. मात्र छपाईच्या व्यवसायाने वेगळी वाट धरली. १९९० च्या दशकात खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपी आले, आणि लग्नपत्रिकेपासून साप्ताहिकापर्यंतचा मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकित होऊ लागला. या फॉन्टमध्ये अक्षराला नव्हे तर त्याच्या आकाराला क्रमांक असे. काना वेगळा, अर्धा ‘श’ वेगळा, रफार वेगळा. एका कंपनीचा क्रमांक दुसरीशी जुळत नसे. काही सॉफ्टवेअर तर संगणकाच्या मागे लावायच्या कुलपाविना उघडतच नसत.

परिणाम असा की, हार्ड डिस्क बिघडल्यावर नवा संगणक घेऊन प्रश्न सुटत नाही. कुलूप ज्या जोडणीत बसते ती नव्या यंत्रात नाही, जिस्ट कार्डाची खाच नाही, आणि डॉसची ती आवृत्तीही चालत नाही. जुनेच यंत्र मोठ्या डिस्कसह पुन्हा उभे करणे अनेकदा अधिक सोपे ठरते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८६ मध्ये लेसर डिस्कवर तयार केलेला ‘डोम्सडे’ प्रकल्प अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत वाचण्यास दुर्मीळ झाला आणि २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ उपक्रमाला मूळ यंत्राची नक्कल करून तो सोडवावा लागला. तो राष्ट्रीय प्रकल्प होता, त्याचे नाव होते. लक्ष वेधले गेले. तालुक्याच्या छापखान्यातील साप्ताहिकाच्या फाइलींना असा वाली नाही.

अशा वेळी कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जुनी डिस्क आधी दुसरीकडे जोडून पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. ती ज्या यंत्रात आहे त्याच्या बायोसमधील वर्तुळमार्ग, शीर्षे व कप्पे यांचे आकडे प्रथम कागदावर उतरवून घ्यावेत, कारण बायोसची बॅटरी उतरताच ते पुसले जातात. नंतर फाइली एकेक न काढता संपूर्ण डिस्कची कप्प्यागणिक प्रत घ्यावी व तीच कार्डावर उतरवावी. आरंभीच्या भागातील दुभाषा कार्यक्रम त्यामुळे सोबत येतो. फॉन्टच्या फाइली मजकुराबरोबरच जपाव्यात, अन्यथा उरतात ती केवळ इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग. २०११ च्या ई-कचरा नियमांनंतर संस्थांची जुनी यंत्रे अधिकृत पुनर्चक्रणाकडे देण्याची व्यवस्था झाली. निर्लेखनाच्या वेळी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि शेरा एवढे लिहिले जाते. डिस्कवर काय आहे, यासाठी रकाना नाही.